पहिलीच स्वतःची एक्स्ट्रॅक्ट रेसिपी: धने-संत्र्याची विटबिअर. जरा बघून सांगा ना

तळघर_ब्रू

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहतो, गेल्या सात-आठ महिन्यांत दोन किट केली, आधी अँबर एल आणि मग एक गव्हाची बिअर, दोन्ही पिण्यासारखी झाली, मित्रांनी दुसरी बाटली मागितली. पण किटमध्ये सगळं मोजूनमापून पुड्यांत येतं, आपण फक्त कागदावर लिहिलंय तसं उकळायचं, त्यामुळे ही बिअर माझी आहे असं काही वाटेना. म्हणून आता पहिल्यांदाच स्वतः रेसिपी लिहायला घेतलीय. ऑल-ग्रेनचं, म्हणजे सगळं धान्यापासून घरी करायचं सामान नाहीये आणि एवढ्यात घ्यायचंही नाही, एक्स्ट्रॅक्टवरच, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) तयार घट्ट पाकावरच करणार.

विटबिअर (बेल्जियन पद्धतीची फिकी गव्हाची बिअर) निवडायचं कारण म्हणजे पुण्यात असताना एका ब्रूपबमध्ये पहिल्यांदा प्यायलो तेव्हा त्यात धने आहेत हे कळलं आणि मला ते इतकं आपलं वाटलं की तेव्हापासून डोक्यात आहे. तर ५ गॅलनसाठी असं ठरवलंय:

व्हीट लिक्विड एक्स्ट्रॅक्टचे ३.३ पौंडांचे २ डबे, क्रिस्टल ६० माल्ट १ पौंड आणि फ्लेक्ड ओट्स १ पौंड (दोन्ही पिशवीत घालून अर्धा तास भिजवणार), कोल्हापुरी गूळ १ पौंड, सिट्रा हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) १ औंस ६० मिनिटं आणि १ औंस शेवटची १० मिनिटं, धने ५० ग्रॅम भाजून मिक्सरला फिरवून, चार संत्र्यांची सालं, ८-१० वेलच्या. यीस्ट यूएस-०५, कारण एक पाकीट फ्रीजमध्ये पडून आहे.

भांडं ५ गॅलनचंच आहे म्हणून ३ गॅलन उकळून वरून पाणी घालणार. शेगडी कॉइलची.

गुळाबद्दल एक सांगतो, आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं, तो वास मला बिअरमध्ये हवाय. तर हे जमेल का, आणि काय चुकतंय ते मोकळेपणाने सांगा. वाईट वाटून घेणार नाही.

---

ओरेगनकर

मोकळेपणाने म्हणालात म्हणून सांगतो. तुमच्या यादीत निदान तीन बिअर आहेत. एक धने-संत्र्याची विट, एक गुळाची तांबूस एल आणि एक सिट्राची पेल एल. तिन्ही चांगल्या होतील, पण एकाच भांड्यात घातल्या तर कशाचीच चव हाताला लागणार नाही. मी पहिली रेसिपी केली तेव्हा अगदी हेच केलं होतं, मध, आलं, दोन प्रकारचे क्रिस्टल, तीन हॉप्स, आणि बाटली उघडल्यावर कुणालाही त्यात नेमकं काय आहे ते सांगता येईना, मलासुद्धा.

आता एकेक बघू.

दोन डबे म्हणजे ६.६ पौंड. लिक्विड एक्स्ट्रॅक्ट एका गॅलनमध्ये पौंडाला साधारण ३६ पॉइंट देतं (३६ पॉइंट म्हणजे घनता १.०३६). ६.६ गुणिले ३६ भागिले ५, म्हणजे ४७-४८, ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०४८. विटबिअरचा पल्ला साधारण १.०४४ ते १.०५२ असा धरतात, म्हणजे तुम्ही नुसत्या दोन डब्यांवरच बरोबर मध्यावर आहात! त्यावर एक पौंड गूळ घातलात की आणखी ८-९ पॉइंट आणि क्रिस्टलचे ४-५, गाडी गेली १.०६० च्या पुढे. आणि व्हीट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे नुसता गहू नसतो, बहुतेक डब्यांत साधारण ६५ टक्के गहू आणि बाकी बार्ली असते. विटला हे मिश्रण चांगलं चालतं, वेगळी बार्ली शोधत बसू नका.

क्रिस्टल ६० काढून टाका. विट फिकी, जवळजवळ पांढुरकी हवी आणि एक पौंड क्रिस्टल ६० ने ती अँबर होईल, शिवाय टॉफीसारखी गोडी येईल जी धन्यांच्या अंगावर बसेल.

ओट्सचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि एक्स्ट्रॅक्टवाले इथेच हमखास चुकतात. माल्ट म्हणजे काय, तर मोड आणून वाळवलेलं धान्य, आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तसंच. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि स्टार्चची साखर तेच करतात. क्रिस्टल माल्टचं काम कारखान्यातच झालेलं असतं, साखर दाण्याच्या आतच तयार असते, म्हणून ते नुसतं गरम पाण्यात भिजवलं तरी चालतं. फ्लेक्ड ओट्स मात्र पोह्यांसारखे, वाफवून रुळाखाली चपटे केलेले, मोड आलेलेच नाहीत. ते नुसते भिजवलेत तर पाण्यात स्टार्च उतरेल, पेज होईल, साखर होणार नाही. यीस्टला ते खाता येत नाही, बिअरमध्ये मात्र तसंच राहतं आणि दुसरे जंतू ते खाऊ शकतात. ओट्स हवेच असतील तर तेवढ्याच वजनाचा टू-रो (साधा बार्लीचा) माल्ट बरोबर घेऊन ६५-६७ अंश सेल्सियसला ४५ मिनिटं ते तासभर धरावं लागतं, त्याला मिनी-मॅश म्हणतात. अवघड नाहीये, पण पहिल्या रेसिपीत नको. धूसरपणा हवा असेल तर जुनी युक्ती आहे, उकळी संपायच्या ५-१० मिनिटं आधी एक टेबलस्पून मैदा थंड पाण्यात कालवून घाला. एवढ्याने काही बिघडत नाही.

हॉप्स. सिट्राचा अल्फा (कडवटपणा देणारं आम्ल) १२ टक्क्यांच्या आसपास असतो. एक औंस ६० मिनिटं आणि एक औंस १० मिनिटं म्हणजे तुमच्या घट्ट वर्टमध्येसुद्धा (वर्ट म्हणजे न आंबलेलं गोड पाणी) ३५ आयबीयूच्या पुढे, आयबीयू हे कडवटपणाचं माप. विट असते ८ ते २०. साझ हॉप्स घ्या, साडेतीन टक्के अल्फावाले, एक औंस ६० मिनिटं, बस. १२-१३ आयबीयू येतील. शेवटचे हॉप्स काहीच नकोत, तिथे धने-संत्रं बोलणार आहेत.

आणि यीस्ट! यूएस-०५ उत्तम यीस्ट आहे पण ते स्वतः मुद्दाम काही बोलत नाही, त्याचा गुणच तो. विटची अर्धी चव यीस्टची असते, किंचित मिरीसारखी, लवंगेसारखी, ती यूएस-०५ कधीच देणार नाही. वायईस्ट ३९४४ मिळालं तर बघा, नाहीतर सुक्यात लॅलब्रू विट किंवा मँग्रोव्ह जॅकचं एम२१. फ्रीजमधलं पाकीट पुढच्या पेल एलला ठेवा.

---

खलबत्ता

धन्यांवर मी बोलते, गेली पाच-सहा वर्षं दर उन्हाळ्याला विट करतेय मिशिगनला.

सगळ्यात आधी, धने भाजू नका. आपला हात सवयीने कढईकडे जातो, मी पहिल्यांदा भाजले होते आणि बाटली उघडल्यावर घरात आमटीला फोडणी दिल्यासारखा वास आला, बिअर म्हणून ती कुणीच संपवली नाही. भाजल्याने धन्यांतला लिंबूवर्गी वास उडतो आणि मसाल्याचा खमंगपणा येतो. इथे आपल्याला नेमका तो उडणारा वासच हवाय.

दुसरं म्हणजे धने कुठले. ब्रूइंगच्या दुकानात पुडीत मिळतात ते सहसा गोल, तपकिरी. आपल्या इंडियन ग्रोसरीत जे लांबट, फिकट हिरवट-पिवळे धने मिळतात ना, ते जास्त चांगले, त्यांचा वास संत्र्याच्या सालीकडे झुकणारा असतो. इथले अमेरिकन होमब्रूअरसुद्धा मुद्दाम इंडियन ग्रोसरीत जाऊन ते आणतात. घ्यायच्या आधी दोन दाणे बोटांत चुरडून हुंगा, लगेच ताजा, लिंबासारखा वास आला पाहिजे. भुश्शासारखा किंवा कुबट आला तर घेऊ नका. जुने किंवा जास्त धने पडले की बिअरला सेलरीसारखा, कधीकधी चक्क हॅमसारखा वास येतो, स्पर्धांचे परीक्षक यावर बरोबर बोट ठेवतात.

५० ग्रॅम फार होतात, ५ गॅलनला २० ग्रॅमपासून सुरू करा. मिक्सर नको. खलबत्त्यात प्रत्येक दाणा फक्त दुभंगेल एवढंच कुटा, पूड झाली तर गाळात बसते आणि तुरटपणा येतो. गॅस बंद करायच्या ५ मिनिटं आधी घाला, मलमलच्या पिशवीत घातले तरी चालतील.

संत्र्याचं पण तसंच. चार संत्र्यांची अख्खी सालं घातलीत तर आतला पांढरा भाग कडू करेल. बारीक किसणीने फक्त वरचा केशरी पापुद्रा काढायचा, किसणीवर पांढरं दिसायला लागलं की फळ फिरवायचं. दोन मोठी नेव्हल संत्री पुरतात, आधी गरम पाण्याने घासून धुवा कारण वर मेणाचा थर असतो. बेल्जियममध्ये कुरासाओची कडू वाळवलेली साल घालतात, ती दुकानात मिळते, पण मला घरची ताजीच आवडते.

वेलची या वेळी नको. वेलची फार पुढे पुढे करते, धने ऐकूच येणार नाहीत. अगदीच मन राहत नसेल तर दोन वेलच्या चमचाभर व्होडकात चार दिवस ठेवा आणि तयार बिअरच्या एका ग्लासात थेंब थेंब घालून बघा. आवडलं तर पुढच्या बॅचला, नाही आवडलं तर एक ग्लासच गेला.

---

साखरकारखाना

सगळे गुळाच्या मागे का लागलेत? मी दोनदा गूळ घालून केलीय आणि छान झालीय. फक्त एक समजून घ्या, गूळ घातला म्हणजे बिअर गोड होत नाही, उलट कोरडी होते. त्यातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, मागे राहतो तो मळीचा, खनिजांचा, थोडा खारट-तुरट असा अंश. गुऱ्हाळाचा जो गोड वास तुम्ही म्हणताय तो बराचसा फर्मेंटेशनमध्ये निघून जातो. म्हणून गुळाला खाली गडद काहीतरी लागतं, ब्राऊन एल किंवा पोर्टर, तिथे त्याची चव टिकते. फिक्या विटमध्ये तो फक्त रंग बिघडवेल. तेव्हा आजोळचा गूळ जपून ठेवा आणि थंडीत पोर्टर करा, उकळी संपताना घाला, आधी घातला तर उरलासुरला वासही जाईल. तेव्हा मला विचारा, मी प्रमाण देतो.

---

ओरेगनकर

साखरकारखाना, पटलं. विटमध्ये नको एवढंच माझं म्हणणं होतं.

तळघर_ब्रू, आता करताना सांभाळायच्या काही गोष्टी, तुमची कॉइलची शेगडी आणि ३ गॅलनची उकळी आहे म्हणून.

लिक्विड एक्स्ट्रॅक्ट म्हणजे काकवी समजा. भांड्यात ओतलं की सरळ तळाला जातं आणि कॉइलवर लगेच जळतं, ती जळकी चव मग कशानेच जात नाही. डबा आधी पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, भांडं शेगडीवरून खाली उतरवून डबा ओता, तळ खरवडत ढवळा, चमच्याला तळाशी काही चिकट लागत नाही अशी खात्री झाली की मगच परत वर ठेवा. डब्यावरची तारीख बघून घ्या, जुनं लिक्विड एक्स्ट्रॅक्ट गडद होतं आणि त्याला एक शिळी चव येते. विटमध्ये ती लपत नाही.

दोन्ही डबे एकदम घालू नका. एक सुरुवातीला, दुसरा उकळी संपायच्या १० मिनिटं आधी. ३ गॅलनमध्ये सगळं एक्स्ट्रॅक्ट असेल तर वर्ट १.०७९ इतकं घट्ट होतं, रंग गडद होतो आणि हॉप्सचा कडवटपणाही नीट उतरत नाही. एकाच डब्यावर ते १.०४० राहतं. मी हिशोब करून बघितला, त्याच एक औंस साझचे पहिल्या पद्धतीत ९ आयबीयू येतात आणि दुसऱ्या पद्धतीत १३. १३ च धरा.

पहिल्या उकळीला फेस वर येतो तेव्हा भांड्यापासून हलू नका. दूध उतू जातं तसं हे जातं, फक्त कॉइलवर पडलं की महिनाभर साफ होत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (पाणी निर्जंतुक करायला घालतात ते) असेल तर ते नुसतं उकळून पटकन जात नाही, बिअरला औषधासारखा वास येतो. ते घालवायला कॅम्पडेनची एक गोळी २० गॅलनला पुरते, म्हणजे तुम्हाला पाव गोळी, आणि ती वरून घालायच्या पाण्यालाही लागू आहे हे विसरू नका. मीठ-बीठ काही घालू नका, एक्स्ट्रॅक्ट बनवताना वापरलेल्या पाण्यातले क्षार त्यात आधीच आहेत.

उकळी संपली की भांडं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात, वर्ट पार थंड होऊ द्या. विरजण लावताना दूध कोमट आहे का ते आपण बोट घालून बघतो, इथे बोट नको, थर्मामीटर घाला. बादलीत वरचं पाणी घालून झाल्यावर २० अंशांच्या आसपास आलं की यीस्ट. आणि हायड्रोमीटरवर (घनता मोजायच्या काचेच्या नळीवर) ओजी १.०३५ नाहीतर १.०६० असं काही दिसलं तर घाबरू नका, घट्ट वर्ट आणि वरचं पाणी नीट मिसळत नाही म्हणून तसं दिसतं. एक्स्ट्रॅक्टमध्ये किती साखर आहे ते ठरलेलं असतं, तुमचं एकूण माप ५ गॅलन असेल तर ओजी १.०४८ च आहे.

---

पौडरोड

मी पुण्यात असतो, वाचून हात शिवशिवतायत. एक्स्ट्रॅक्ट ऑनलाइन मागवून घरी करता येईल का?

---

खलबत्ता

नको. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यासाठी असलं तरी. अमेरिकेतसुद्धा हे कायम नव्हतं, १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हा घरची बिअर मोकळी झाली, आणि अलाबामा, मिसिसिपीत तर २०१३ उजाडलं. आजही घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची अजिबात नाही. तुमच्याकडे पुण्यात ब्रूपब आहेत, दुपारच्या निवांत वेळी जाऊन तिथल्या ब्रूअरशी बोला, बहुतेक जण मनापासून दाखवतात.

---

तळघर_ब्रू

मंडळी, काय बोलू. एवढं बारकाईने कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. दोन वेळा वाचलं, मग रेसिपी खोडून परत लिहिली आणि आता ती एवढीशीच राहिलीय:

व्हीट लिक्विड एक्स्ट्रॅक्ट २ डबे, एक आधी एक शेवटी. साझ १ औंस ६० मिनिटं. शेवटच्या ५ मिनिटांना लांबट धने २० ग्रॅम न भाजता कुटून आणि दोन संत्र्यांचा किस. एक टेबलस्पून मैदा. यीस्ट एम२१.

खरं सांगतो, लिहून झाल्यावर जरा रितं रितं वाटलं. एवढं कमी सामान? पण मग विचार केला की आमच्या घरचं साधं वरण पण डाळ, हळद, हिंग, मीठ एवढंच असतं आणि त्यात काही कमी आहे असं कधी कुणाला वाटलं नाही.

दोन प्रश्न. तळघरात सध्या १७-१८ अंश असतात, चालेल का? आणि बाटल्या भरताना साखर किती?

---

खलबत्ता

१७-१८ विटला जरा थंडच, या यीस्टला २०-२२ आवडतं, थंडीत ते आळसावतं आणि मिरीची चव कमी येते. बादली वर घरात आणा, कपाटात ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत फेस फार येतो, एअरलॉकमध्ये (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या छोट्या झडपेत) चढला तर तो तुंबून झाकण उडू शकतं, म्हणून एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक सॅनिटायझरच्या पाण्यात सोडा.

बाटल्यांची घाई नको. दोन आठवडे होऊ द्या, मग तीन दिवसांच्या अंतराने दोनदा हायड्रोमीटर बघा, आकडा तोच आला तरच भरा. मी एकदा कॅलेंडर बघून भरल्या होत्या, हायड्रोमीटर न बघता, आणि रात्री दोन वाजता गॅरेजमध्ये चार बाटल्या फुटल्या. कुणी जवळ नव्हतं हे नशीब. तेव्हापासून बाटल्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्यातच ठेवते.

साखर ५ गॅलनला १३० ग्रॅम कॉर्न शुगर, वजनाने, कपाने नाही. थोड्या पाण्यात उकळून भरायच्या बादलीच्या तळाशी ओता आणि बिअर नळीने हळू त्यावर सोडा, आपोआप मिसळते. बाटल्या दोन आठवडे खोलीच्या तपमानाला, मग फ्रीज.

---

तळघर_ब्रू

सहा आठवड्यांनी परत आलोय, सांगायचं राहून जायला नको म्हणून.

ओजी हायड्रोमीटरवर १.०४१ दिसली, ओरेगनकरांनी आधीच सांगून ठेवलं नसतं तर मी नक्की आणखी एक्स्ट्रॅक्ट ओतलं असतं. एफजी (आंबून झाल्यावरची घनता) १.०१२ वर थांबली, म्हणजे १.०४८ धरून ४.७ टक्के अल्कोहोल. भरायच्या आधी दोनदा बघितली.

काल पहिली बाटली उघडली. रंग फिक्या लिंबाच्या सरबतासारखा, धूसर, वर पांढरा फेस. नाकाशी धरली तर आधी संत्रं आलं, आणि घोट गिळल्यावर मागे कोथिंबीर निवडताना बोटांना येतो तसा हिरवा वास, मसाल्याचा अजिबात नाही. बायको बिअर पीत नाही, तिने फक्त हुंगली आणि विचारलं, यात धने आहेत का? तिला काहीही सांगितलं नव्हतं.

तक्रार असेल तर एवढीच की अंगाने जरा पातळ लागते, ओट्स हवेच होते असं वाटतं. त्यामुळे पुढच्या वेळी धने २० चे २५ ग्रॅम आणि ओट्ससाठी मिनी-मॅश, अर्धा पौंड ओट्सला अर्धा पौंड टू-रो, बरोबर ना? बाकी काही बदलत नाही. पिशवी मागवलीय, शनिवारी येतेय.

साखरकारखाना, पोर्टरसाठी गुळाचं प्रमाण सांगा. आईकडून ढेप येतेय.

---

साखरकारखाना

५ गॅलनला अर्ध्या पौंडापासून सुरू करा, एक पौंडाच्या वर जाऊ नका, आणि तेवढ्या पॉइंटचं एक्स्ट्रॅक्ट कमी करा, नाहीतर पोर्टर नुसतीच चढणारी होईल. ढेप फोडून थोड्या गरम वर्टमध्ये विरघळवा आणि गाळून घाला, घरच्या गुळात चिपाडाचे कण असतात. रेसिपी लिहिलीत की नवीन धागा काढा.